केरीची काठी बसली तेव्हा

हे मी या उन्हाळ्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला अजूनही नाही, ती हा अंक घरी आल्यावरच वाचेल. नौदलात असताना मी एकदा खोटी नोंद केली, ती झाकण्यासाठी वरिष्ठांसमोर खोटं बोललो आणि त्याची शिक्षा दुसऱ्या माणसाला झाली. ज्या दिवसाची ती नोंद आहे, त्या दिवशी सकाळी मी पेडण्याला घरी पाटावर बसून दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, खात होतो.

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. कमोडोर म्हणून निवृत्त झालेला माणूस आपल्या तालुक्यात राहायला आला आहे म्हटल्यावर त्यांना वादळं, लढाया, परदेशी बंदरं असलं काही हवं होतं. लढाई मी पाहिलेली नाही. वादळं पाहिली, पण वादळात मी बहुतेक वेळ ओकत असे, त्यावर किती लिहिणार? माझी सगळी नोकरी समुद्र मोजण्यात गेली. आमच्या शाखेची जहाजं पांढरी असतात आणि त्यांचं काम एकच: समुद्राच्या तळाचा नकाशा करणं. कुठे खडक, कुठे वाळूचा दांडा, कुठे किती पाणी. त्या नकाशाच्या भरवशावर बाकीची जहाजं चालतात. हे काम मला फार आवडलं. आजही कुणी नकाशा पसरला की माझे हात आपोआप त्याचे कोपरे सरळ करतात.

वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

होडी सरळ रेषेत चालवायची आणि यंत्राने खाली आवाज सोडायचा. तो तळाला आपटून वर यायला जेवढा वेळ लागतो, त्यावरून पाणी किती ते कळतं. पण पाणी दिवसभर एका पातळीवर नसतं. सकाळी ओहोटीला मोजलं तर चार मीटर, दुपारी भरतीला त्याच जागी सहा. मग खरं किती? म्हणून किनाऱ्याजवळ पाण्यात एक काठी रोवतात. उंच, रंगवलेली, आकडे घातलेली. एक माणूस तिच्यासमोर बसून दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते वहीत लिहितो. होडीने मोजलेल्या खोलीतून हा भरतीचा आकडा वजा केला की नकाशावर घालायचा आकडा मिळतो. म्हणजे समुद्रातली सगळी यंत्रं एकीकडे आणि ती काठी एकीकडे. काठी जागची हलली की सगळंच चुकलं.

ती हलली नाही ना, हे पाहायलाही पद्धत आहे. किनाऱ्यावरच्या पक्क्या कातळात एक खूण कोरलेली असते. महिन्यातून एकदा अधिकाऱ्याने दुर्बीण लावून त्या खुणेपासून काठीची उंची तपासायची आणि आकडा नोंदवहीत लिहून सही करायची. तासा-दीड तासाचं काम. कंटाळवाणं, डोक्यावर ऊन, पाय चिखलात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा लेफ्टनंट होतो. तेरेखोल नदीच्या मुखाबाहेरचं सर्वेक्षण आमच्या जहाजाकडे आलं आणि केरीच्या किनाऱ्यावरच्या छावणीचा मी प्रमुख झालो. माझं घर तिथून जवळच, पेडण्याला. काठी फेरीबोटीच्या धक्क्यापासून थोडी वर, नदीकाठच्या गाळात रोवलेली. ती वाचणाऱ्या तिघांचा मुखिया होता पुंडलिक गावस. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्स्याचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पेटी ऑफिसर या वरच्या हुद्द्यावर जायच्या यादीत त्याचं नाव वर होतं आणि छावणीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सांगायचा. इतरांसमोर आम्ही हिंदीत बोलत असू. दोघेच असलो की घरची भाषा.

फेरीला थांबलेले लोक गावसच्या भोवती जमायचे. एकदा मासळीची पाटी घेऊन निघालेली एक म्हातारी त्याच्यासमोर उभीच राहिली.

"पुता, सकाळपासून बसलंस. मासो गावलो?"

"मासो न्हय गे आवय. उदक मेजतां."

"उदक?" तिने पाटी खाली ठेवली. "आनी सरकार पगार दिता तुका?"

"दिता."

"मग माज्या घोवाक लाव मरे थंय. तो घरा बसून काय मेजना."

म्हातारीने नवऱ्यासाठी नोकरी मागितलेली ऐकून गावस हसला, तरी घड्याळाकडे बघून त्याने आधी आकडा लिहिला. तो असा माणूस होता.

दिवाळी आली. आमचे कॅप्टन उत्तरेकडचे, कडक पण न्यायी. त्यांनी रजा कुणालाच दिली नाही. एका गोंयकाराला दिली की सगळे मागतील, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण नरकचतुर्दशीला पहाटे गावातले नरकासुराचे पुतळे जळल्याचा वास आला आणि मला राहवेना. काठी तपासायची पाळी त्याच दिवशी होती. मी गावसला म्हटलं, "मी दुपारपर्यंत येतो. आल्यावर दुर्बीण लावू."

तो काठी बघायला मागे राहायला तयार होता. म्हणाला, "जावा सायब. दोगांय गेलो तर काठी कोण पळयतलो? माज्या वाट्याचे दोन घास खावन येवा."

त्याचंही घर होतं. बायको होती, दहा वर्षांची मुलगी होती. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

घरी कारीट फोडलं, न्हाणं झालं, मग फोव. गुळाचे, दुधाचे, ताकातले, तिखट. आईने आग्रह केला, काकूने केला. गावससाठी डबा भरून घेतला आणि दुपार उलटल्यावर केरीला पोचलो. पोट जड, डोळे जड. गावसने डबा उघडून ताकातले फोव आधी संपवले आणि बोटं चाटत विचारलं, "दुर्बीण हाडूं?"

मी म्हटलं, "राहू दे आज."

संध्याकाळी तंबूत नोंदवही उघडली. मागच्या महिन्याचा आकडा घेतला, त्यात दोन मिलिमीटरचा फरक केला, खरा वाटावा म्हणून, आणि सही ठोकली. ते दोन मिलिमीटर मला आजही टोचतात. नुसता आळस असता तर मी आकडा जसाच्या तसा उतरवला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावस माझ्याकडे आला.

"सायब, काठी बसली आसा."

"बसली म्हणजे?"

"गाळात खाली गेली. चला, दाखयतां."

काठीशेजारी एक कातळ होता, त्यावर कालवांची रेघ होती. पाणी त्या रेघेला टेकलं की काठी एक मीटर वीस दाखवायची, हे त्याने पहिल्या आठवड्यातच मनाशी धरून ठेवलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता पाणी रेघेला टेकलं तेव्हा काठीवर एक अडतीस होते. एवढंच नाही, मागची पानं चाळून त्याने दिवसही शोधला होता. चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी एका होडीवाल्याने काठीला दोर बांधला होता. गावसने आरडाओरडा करून तो सोडवला. काठी सरळ दिसत होती म्हणून तेवढ्यावर सोडून दिलं. पण होडीच्या ओढीने ती सैल झाली आणि रातोरात खाली गेली. हे सगळं त्याने आपल्या कच्च्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात तारखेसकट लिहिलं होतं.

म्हणजे काठी चतुर्दशीला बसलेलीच होती. आणि चतुर्दशीला मी तपासली, ठीक आहे, अशी माझी सही होती.

मी म्हटलं, "बघतो."

कच्ची वही पाण्याने, चिखलाने खराब होते. म्हणून रोज संध्याकाळी अधिकाऱ्याने ती पक्क्या वहीत शाईने उतरवायची अशी आमची रीत. त्या संध्याकाळी मी आकडे उतरवले, शेरा उतरवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन दिवसांनी फेरीने पलीकडे जाताना कच्ची वही नदीत सोडून दिली. गावसने नवी वही घातली आणि काही विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, सायबांनी वर कळवलं.

चूक लपत नाही, कारण आमचं काम स्वतःलाच तपासतं. सगळ्या रेषा झाल्या की त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा काढायच्या आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे खोली तीच यायला हवी. दोन-तीन आठवड्यांनी आडव्या रेषा काढल्या आणि जुळेनात. एक वीतभर फरक. दुर्बीण लागली. काठी अठरा सेंटिमीटर खाली. कधी बसली? नोंदवहीप्रमाणे चतुर्दशीला तर ठीक होती. नेमका दिवस कळला असता तर पुढच्या आकड्यांतून अठरा वजा करून काम वाचलं असतं. दिवस दोघांना माहीत होता. त्यांतला एक मी.

कॅप्टननी आम्हा दोघांना नकाशांच्या खोलीत बोलावलं. आधी गावसला विचारलं, "दिवसभर काठी तुझ्या समोर. तुला दिसलं नाही? झोपला होतास?"

गावसने माझ्याकडे बघितलं.

मग मला विचारलं, "याने तुला काही कळवलं होतं?"

"नाही, सर."

"कच्ची वही?"

"भिजून गेली, सर."

गावसने तरीही काही म्हटलं नाही. मान खाली घातली नाही, हेही सांगायला हवं. तो सरळ समोर बघत उभा होता. त्याच्या कागदांत 'निरीक्षणात हलगर्जी' असा शेरा गेला, नाव यादीतून उतरलं, आणि सेवा संपवून तो ज्या हुद्द्यावर होता त्याच हुद्द्यावर घरी गेला. आमच्या जहाजाने तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. ते झटपट उरकल्याबद्दल कॅप्टननी माझी पाठ थोपटली.

मी स्वतःची समजूत बरीच वर्षं एका गोष्टीने घातली. काठी खाली बसली की नकाशावर पाणी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. कमी दिसलं तर जहाजं जपून जातात. म्हणजे चूक झाली ती सुरक्षित बाजूची, कुणाचं जहाज बुडलं नसतं. हे शास्त्र म्हणून अगदी बरोबर आहे.

पुढची नोकरी चांगली झाली. उगाच दुःखी चेहरा करून लिहिणार नाही. मी सुखात काम केलं. दोन जहाजं माझ्या हाताखाली होती. जिथे नकाशावर कोरी जागा होती तिथे आमच्या होड्या फिरल्या, आणि पुढच्या आवृत्तीत त्या जागी बारीक आकडे आले की माझी छाती फुगायची. एका लहानशा बंदराचे अधिकारी एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन जहाजावर आले. म्हणाले, "साहेब, आमच्या तोंडाशी साडेपाच लिहिताय. सहा लिहा ना! मोठी जहाजं येतील, गावाचं भलं होईल." मी म्हटलं, "तुम्ही तळ अर्धा मीटर खणा, मी लगेच सहा लिहितो." ते पेढे ठेवून गेले. मी तरुण अधिकाऱ्यांना बोलावून आकड्याच्या खरेपणावर अर्धा तास बोललो. पेढे खात खात सगळे ऐकत होते. फार चांगलं बोललो, असं एकाने नंतर सांगितलं.

काठी तपासायला मी कॅप्टन झाल्यावरही स्वतः जायचो. चिखलात उतरायचो. तरुण अधिकारी पाठीमागे हसत. शिस्तीचा माणूस म्हणून माझं नाव झालं. ती शिस्त कुठून आली ते मी कुणाला सांगितलं नाही.

निवृत्त होऊन पेडण्याला आलो त्याला दोन वर्षं झाली. घर नीट केलं, मागे मिरवेली लावल्या, सकाळी पाववाला पोदेर येतो त्याच्याकडून उंडे घेतो आणि बायकोशी कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पाण्यावरून भांडतो. बरं चाललं आहे. उन्हाळ्यात संपादकांचं पत्र आलं. मी केरीपासून लिहायला घेतलं आणि पुंडलिक गावस या नावाशी पेन अडलं. चार दिवस अडलं. पाचव्या दिवशी बस पकडून डिचोलीला आणि तिथून लाटंबार्स्याला गेलो.

काजूचा हंगाम संपत आला होता. अंगणात बोंडूंची रास आणि तिच्यापाशी लाकडी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून ते बिया पिळून काढत होते. हो, आता 'ते'. माणसाचे केस पांढरे झाले आणि मी वर्दी उतरवली की अरे-तुरे संपलं पाहिजे. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"सायब? केस खंय गेले?"

"समुद्रात."

"मेजून घेतल्यात मां?"

त्यांनी आतून दुसरी कदेल आणायला लावली. भात कसं झालं, काजू कसे झाले, मुलगी सुनंदा फोंड्याच्या शाळेत शिकवते, सगळं सांगितलं. हातांचं काम थांबलं नाही. तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि विहिरीकडे बघून ओरडल्या, "अहो, पंप चालूच! काठी बसली काय परत?"

मग माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, "आमच्या घरात असंच म्हणतत. हे काय विसरले की चेडू, आमची सुनंदा, म्हणता, बाबांची काठी बसली. नेवीत काठीसमोर निजले न्हय हे! तुमका खबर आसतलीच."

मी कप हातात घेतला. "हो," मी म्हटलं, "आठवतंय." आणि चहा प्यायलो.

त्या पंप बंद करायला गेल्या. पुंडलिकबाब बिया काढत खालच्या आवाजात म्हणाले, "आतांय गप्पच रावल्यात."

तेव्हा मी सगळं बोललो. दोन मिलिमीटर, कच्ची वही, फेरी. त्यांना वहीचं माहीत नव्हतं. त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले.

"न्हयंत उडयली?"

"हो. फेरीवरून नदीत टाकली."

"माजें अक्षर बरें आसलें तातूंत," ते म्हणाले.

मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत.

"काय बोलतलो? पक्की वही तुमच्या हातची. माजें तोंड आनी तुमचो कागद. आनी तुमी घरा गेल्लंत तें सांगूचें पडलें आसतें. फोव मीच खाल्ले न्हय?" मग म्हणाले, "खरें सांगूं? मी वाट पळयली. म्हटलें, आज सायब कॅप्टनाकडे जातले. आज ना तर फाल्यां. जहाज बंदरात लागसर वाट पळयली. मागीर सोडलें."

"घरी तरी सांगायचं होतं."

"सांगलें आसतें तर कोणाक खरें दिसतलें? आमच्या जहाजावयल्या एका नाविकान आधीच गावात येवन सांगलें, गावस निजलो म्हणान. चेडवान वर्गात सांगून ठेवलेलें, बाबा वयलो हुद्दो घेवन येतलो. तिचें तोंड पळयलें आनी म्हटलें, हांसतात तर हांसूं दे. मीय हांसलों."

मी म्हटलं, मी नौदलाच्या कार्यालयाला पत्र लिहितो, तुमच्या कागदातला शेरा दुरुस्त करायला सांगतो. आणि छापायलाही लिहितो, पण नाव न घालता.

"नांव घाला," ते ताबडतोब म्हणाले. "आनी काठी केदना बसली तेंय घाला. चवदशीच्या आदली सांज, होडयेचो दोर. नोंद पुराय जावंक जाय."

म्हणून ती नोंद वर पूर्ण दिली आहे. दिवस आणि कारण पुंडलिक गावस यांनी शोधले होते, तिसऱ्याच दिवशी, कालवांच्या रेघेवरून. आमच्या शाखेत मी पुढे अनेक हुशार माणसं पाहिली. न सांगता ती रेघ ध्यानात ठेवणारा दुसरा पाहिला नाही.

कार्यालयाला पत्र गेलं. ते लिहायला मला जड गेलं नाही. सरकारी पत्रं लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. पोचपावती आली आहे. निकाल जो येईल तो येईल. पुंडलिकबाब निघताना एवढंच म्हणाले होते, "कागद धाडा, बरें. पूण माका कागद नाका, सायब. घरातल्यांका सांगा." गावसवहिनी तेव्हा अंगणातच होत्या, मला देण्यासाठी काजूच्या बियांची पिशवी बांधत होत्या. मी पिशवी घेतली, आभार मानले आणि बस पकडली.

सुनंदाताई भाऊबीजेला फोंड्याहून लाटंबार्स्याला येतात. त्या दिवशी मी जाणार आहे. अंक तोवर त्यांच्या घरी पोचला असेल, कदाचित मायलेकींनी वाचलाही असेल. पण मी खोटं तोंडाने बोललो होतो. तेव्हा त्या दोघींसमोर बसून मला तोंडानेच सांगायचं आहे की पुंडलिक गावस झोपले नव्हते, त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं, आणि मी नाही म्हणालो. एवढं देणं माझ्याकडे अजून आहे.